घरगुती बालवाडीच्या मागे अख्खी वस्ती कशी उभी करायची

कुठल्याही वस्तीत, चाळीत, गावात जा, एक तरी काकू नाहीतर ताई अशी असतेच जिच्याकडे सकाळी सातला पाच-सहा लेकरं सोडून बाया कामाला जातात. बोर्ड नाही, नोंद नाही, पावती नाही, महिन्याला हजार-बाराशे रुपये आणि तेही दहा तारखेनंतर. तीच ताई जरा ट्रेनिंग घेऊन, चार खेळणी नि दोन गोष्टींची पुस्तकं घेऊन बसली तर तीच घरगुती बालवाडी होते, आणि खरं सांगायचं तर तीन-चार वर्षांच्या पोराला घराजवळ, ओळखीच्या माणसाकडे, आठ-दहा मुलांत जे मिळतं ते चाळीस मुलांच्या नर्सरीत मिळत नाही. पण हे पालकांच्या फीवर चालत नाही, त्याला पंचायतीचा, पालिकेचा, सरकारचा हातभार लागतो, आणि तो हातभार लोकांनी मागितल्याशिवाय येत नाही. तर ही मागणी लोकांकडून उभी कशी करायची ते इथं लिहितेय, बचत गटाच्या ताया, संस्थेचे कार्यकर्ते, स्वतः मुलं सांभाळणाऱ्या बाया, सगळ्यांसाठी.

आधी पैशाचं गणित कागदावर मांडा

हे पहिलं काम, कारण बहुतेक जण भावनेपासून सुरुवात करतात आणि पहिल्याच मीटिंगला कोणीतरी विचारतं, "पण पैसे किती लागणार?" की सगळे गप्प.

समजा ताईकडे ८ मुलं आहेत, प्रत्येकी १२०० रुपये फी. महिन्याचे झाले ९६००. त्यातून खाऊ-दूध, रोज मुलामागे १५ रुपये धरा, २५ दिवसांचे ३००० गेले. साबण, फिनेल, गॅस, लाईट, तुटलेली खेळणी, खडू-कागद यांचे हजार. ताईच्या हातात उरले ५६००. ती सकाळी ८ ते संध्याकाळी ५ म्हणजे ९ तास, २५ दिवस, २२५ तास राबते. भागून बघा, तासाला २५ रुपये पण नाही पडत, त्याहून जास्त धुणीभांडी करून मिळतात, मग ती कशाला आपली खोली देईल आणि कशाला जबाबदारी घेईल.

आता ताईला महिन्याला निदान १२००० मिळावेत असं ठरवलं तर ६४०० कमी पडतात, मुलामागे ८००. म्हणजे फी २०००. आणि दोन मुलं असलेली बाई चार घरची कामं करून ८-१० हजार कमावते, ती ४००० कुठून देणार? म्हणजे "परवडणारी" हा शब्द आपण वापरतो तेव्हा कोणाला परवडणारी ते आधी विचारा. आजवर ही स्वस्ताई ताईच्या पोटाला चिमटा काढूनच आलीय. तो ६४०० चा खड्डा कोण भरणार, हाच आपला सगळा विषय आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. तुमच्या भागातले आकडे घालून हेच गणित एका कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहा, प्रत्येक मीटिंगला तोच कागद भिंतीवर लावायचा.

मुलं मोजा, आणि तास पण मोजा

घरोघर यादी करायची. संध्याकाळी ७ ते ९ मध्ये, दुपारी बाया भेटत नाहीत आणि भेटल्या तर सासूबाईच उत्तरं देतात. ऊसतोड, वीटभट्टी, द्राक्षबागेचा भाग असेल तर हंगामात आणि हंगामाबाहेर अशी दोनदा यादी लागते, नाहीतर आकडा खोटा पडतो.

विचारायचं एवढंच: सहा वर्षांखालची मुलं किती, वय काय, आत्ता कोण सांभाळतं, आई किती वाजता जाते आणि येते, सांभाळायचे किती देता, आणि घरातलं मोठं भावंड धाकट्यासाठी शाळा बुडवतं का. आधार नंबर, जात, पगाराचा नेमका आकडा असलं काही विचारू नका, लोक दार लावून घेतात, आणि आपल्याला लागतही नाही. भावंडाच्या शाळेचा तो प्रश्न मात्र अजिबात सोडू नका. तिसरी-चौथीतली पोरगी कडेवर धाकट्याला घेऊन दारात उभी असते ना, तिचा बुडालेला दिवस हाच ग्रामसभेत सगळ्यात जास्त पटणारा मुद्दा असतो.

तास का मोजायचे? कारण अंगणवाडी साधारण चारेक तास चालते आणि आईचं काम आठ-दहा तास. मधले जे चार-पाच तास उरतात ते कुठल्याच कागदावर नाहीत. तुमच्या यादीतून निघालं पाहिजे की "अमुक मुलांना दुपारी १ ते ६ सांभाळायला घरात मोठं माणूस नाही." हा एकच आकडा पाठ करून ठेवा.

आणि मोजताना अजून एक गोष्ट तपासा. तुमच्या वस्तीला अंगणवाडीच नसेल आणि सहा वर्षांखालची ४० मुलं निघाली, तर सुप्रीम कोर्टाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे, अन्नाच्या हक्काच्या केसमधला, की वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. मग आधी ती मागा, घरगुती बालवाडी तिच्या जोडीला, तिच्या जागी नाही.

अंगणवाडी सेविकेला सगळ्यात आधी भेटा

सरपंचाच्या, नगरसेवकाच्या आधी. हे मी ठासून सांगतेय कारण काम इथंच फिसकटतं. तिला वाटलं की ही बाई माझी पटसंख्या पळवायला आलीय, की संपलं, पर्यवेक्षिकेपर्यंत तक्रार जाते आणि तुम्ही "प्रायव्हेटवाले" ठरता. आणि तिचं तरी काय चुकतं, मानधनासाठी आणि पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी राज्यातल्या सेविका-मदतनीस डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याच्या वर संपावर होत्या, त्यात मोबाईलवर पोषण ट्रॅकरचं सरकारी अॅप भरा, वजनं घ्या, लसीकरणाला हजर राहा, सर्वे करा, आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवा.

तिच्याशी बोलताना सरळ प्रस्ताव न्या: मुलं सकाळी तुमच्याकडेच येतील, हजेरी तुमची, आहार तुमचा, ताई त्यांना आणून सोडेल आणि अंगणवाडी सुटली की घेऊन जाईल, दुपारची झोप-खेळ-गोष्ट तिच्या घरी. यात सेविकेचा फायदा असा की रोज आणायला-न्यायला कोणी नाही म्हणून जी मुलं येत नव्हती ती येतात, तिची उपस्थिती वाढते. तिच्याकडे कुटुंबांची नोंदवही असते, तुमची यादी तिच्या यादीशी ताडून बघा, दोघींचे आकडे जुळले तर पुढे कोणी अधिकारी बोट ठेवत नाही.

कोण बोलणार ते ठरवा

पाठिंबा म्हटलं की लोक सह्यांची मोहीम काढतात. दोनशे सह्या आणि त्यातला एकही माणूस मीटिंगला नाही, असा पाठिंबा काय चाटायचाय. पाच-सहा माणसं धरा, पण वेगवेगळ्या कारणांनी ज्यांना हे हवंय अशी.

आजी. हो, आजी. सगळ्यांना वाटतं आजी विरोध करेल, पण गुडघे दुखणारी, दिवसभर दोन नातवंडांमागे पळणारी आजी मनातून वैतागलेली असते, फक्त सुनेसमोर बोलत नाही. तिला वेगळं बसवून विचारा.

पहिलीच्या वर्गाच्या बाई. जुलै २०२१ पासून सरकारची निपुण भारत मोहीम चालू झालीय, तिसरीपर्यंत मुलाला वाचता आणि साधी गणितं करता यायला हवीत हे टार्गेट त्यांच्या डोक्यावर आहे. जे मूल तीन वर्षं गोष्टी ऐकून, रांगेत बसून, स्वतःचं नाव सांगून आलंय ते आणि जे थेट पहिलीत येऊन बसलंय ते, यातला फरक त्या बाईंइतका कोणी नीट सांगू शकत नाही. नोकरीत आहेत म्हणून जाहीर मागणी करायला कचरतात, तर त्यांना फक्त "वर्गात काय दिसतं" एवढंच सांगायला बोलवा.

सोसायटीतल्या मॅडम. वस्तीला लागून सोसायट्या असतील तर तिथली अर्धी घरं या बायांच्या कामावर चालतात. पोरगं आजारी, सांभाळायला कोणी नाही, म्हणून बाई आली नाही की मॅडमचं ऑफिस बुडतं. सोसायटीच्या कमिटीने महिन्याला थोडी वर्गणी दिली तर ती उपकार म्हणून नको, त्यांची स्वतःची गरज म्हणून मागा, टोन बदलतो.

वडील. हे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक, मीटिंगला येतात आणि मागे उभे राहतात. त्यांच्यातला एक रिक्षावाला नाहीतर गवंडी पुढे येऊन "बायको कामाला जायला लागली, हप्ता फिटला" एवढं जरी बोलला तरी बाकीच्या बायांनी तासभर बोलून जे होत नाही ते होतं.

किराणा दुकानदार, मंडळाची पोरं, मंदिराचे-विहाराचे विश्वस्त हे पण बघा, जागा आणि पाणी बऱ्याचदा यांच्याच हातात असतं.

कोणाच्या घरी, हा प्रश्न टाळू नका

याबद्दल कोणी लिहित नाही म्हणून मी लिहिते. घरगुती म्हटलं की मूल कोणाच्यातरी घरात जाणार, तिथलं पाणी पिणार, तिथलं खाणार. आणि आपल्याकडे जात आड येते, धर्म आड येतो. तोंडावर कोणी बोलत नाही, "लांब पडतं", "तिथं स्वच्छता नाही", "आमचा बाळू दुसऱ्याकडे जेवत नाही" अशी कारणं येतात. ताई निवडतानाच एकाच आळीतल्या एकाच घरावर सगळं उभं करू नका, वस्तीत दोन-तीन वेगवेगळ्या भागांतल्या ताया तयार करा, आणि पालकांच्या बैठका आळीपाळीने प्रत्येकीच्या घरी घ्या, चहा तिथलाच. पण "आमच्या मुलांसाठी आमच्याच समाजाची ताई द्या" ही मागणी आली तर स्पष्ट नाही म्हणा. एकदा तसं वाटून दिलं की पुढे ते सरकारी पैशाने पक्कं होतं.

बोर्डीचं उदाहरण इथं सांगण्यासारखं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येतच नव्हती. तर बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात नेली, घरासमोर, झाडाखाली. अंगणवाडी आली ती इथून. पुढे १९५७ ला त्या कोसबाडला गेल्या, तिथं पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी ठेवली, कारण धाकट्याला सांभाळावं लागतं म्हणून मोठी मुलगी शाळेत येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आजच्या अंगणवाड्या जिच्यात येतात ती, त्यानंतर बरीच उशिरा, २ ऑक्टोबर १९७५ ला, ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यामुळे सभेत कोणी म्हणालं की हे काय परदेशी फॅड, तर त्याला हे सांगा. मुंबईतच १९९० च्या दशकात 'प्रथम' नावाच्या संस्थेच्या बालवाड्या वस्तीतल्याच मुलींनी चालवल्या, मिळेल त्या जागेत, कोणाच्या घरात, देवळात, मंडळाच्या खोलीत.

परदेशाचं उदाहरण द्यायचंच तर कोलंबियाचं द्या. तिथं १९८० च्या दशकात सरकारने गरीब वस्त्यांतल्या बायांच्या घरांतच सरकारी पैशाने बालकेंद्रं सुरू केली, पण त्या बायांना "स्वयंसेविका" म्हणून ठेवलं, आणि किमान वेतन मिळायला त्यांना २०१४ पर्यंत भांडावं लागलं. आपल्या सेविकांची गोष्ट काही फार वेगळी नाही. म्हणून मागणी लिहिताना "मानसेवी", "सेवाभावी" असे शब्द पहिल्या दिवसापासून टाळा.

दार उघडं ठेवा, लोकांना बघू द्या

भाषणाने कोणी पटत नाही, बघून पटतं. महिन्यातून एक दिवस, तासभर, कोणीही येऊन मागे बसावं. पण गॅदरिंग करू नका हां, मुलांना नटवून गाण्यावर नाचवलं की लोक टाळ्या वाजवून घरी जातात आणि त्यांना वाटतं हे तर असंच करमणुकीचं. रोजचं काम चालू ठेवायचं, बाजूला ताईने किंवा दुसऱ्या कोणी हळू आवाजात सांगायचं की आत्ता काय चाललंय.

म्हणजे बघा, दारातल्या सगळ्या चपला एका ढिगात, चार वर्षांची पोरं जोड्या लावतायत, एकाने डावीला डावीच लावली, दुसरी म्हणते "अरे ही उलटी बघते ना," मग तो दोन्ही उचलून तळव्याला तळवा लावून बघतो. हे गणित आहे, सारखेपणा, जोडी, मोठं-लहान. कोपऱ्यात दोघं कणकेच्या गोळ्याचे साप करतायत. इथं हमखास एक पालक विचारतो, "लिहायला कधी घेणार? शेजारचा ए बी सी डी लिहितो." तेव्हा त्या पालकाच्या हातात कणीक द्या, साप करायला सांगा, आणि मनगट, अंगठा, पहिलं बोट कसं चालतं ते त्यालाच बघू दे. याच बोटांनी उद्या पेन्सिल धरायचीय, तीन वर्षांच्या हातात ती ताकद अजून आलेली नसते, जबरदस्ती केली तर पोरगं पेन्सिल मुठीत आवळून धरायला शिकतं आणि मग ती सवय मोडता मोडत नाही. कोणी जास्तच ताणलं तर सांगा की २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा दोन्ही खेळातून शिकण्यावरच भर देतात, तीन ते आठ हा एकच टप्पा धरलाय.

त्या धोरणात असंही लिहिलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते. अधिकाऱ्यांना द्यायच्या पत्रात हे वाक्य टाका, वस्तीच्या मीटिंगमध्ये मात्र मेंदूवर भाषण नको, बाया जांभया देतात. त्यांना पोरगं पडत नाही ना, उपाशी राहत नाही ना, आणि पहिलीत मागे पडणार नाही ना, एवढंच पाहिजे असतं.

हां आणि मटकी, चिंचोके, वाटाणे निवडायचे खेळ तीन वर्षांखालच्या मुलांजवळ नकोत, नाकात घालतात.

सुरक्षितता, इथं सूट नाही

एका घरी एक अपघात झाला की अख्ख्या तालुक्यातला विषय दोन वर्षं मागे जातो. म्हणून लोकांसमोर जायच्या आधी प्रत्येक घर बघून घ्या. पाण्याचा पिंप झाकणाचा आणि झाकण पोराला न उघडणारं, बादल्या रात्रीच नाही तर दिवसाही रिकाम्या. गॅस ओट्यावर, नळी मागे. जिना असेल तर फळी. रॉकेल, फिनेल, उंदराचं औषध वरच्या फळीवर, आणि थंड पेयाच्या बाटलीत कधीच नाही. लोंबकळणाऱ्या वायरी, कूलर. रांगणारी मुलं असतील तर एका बाईला चार-पाचच्या वर जमत नाही, मागणी कितीही येऊ दे, मदतनीस मिळाल्याशिवाय संख्या वाढवू नका.

घरात बाकी कोण असतं हे सरळ विचारायचं, दारू पिणारं माणूस दिवसा घरी असेल तर ते घर नाही. मुलाला न्यायला कोण येणार त्या दोन नावांची वही, तिसरा आला तर आईला फोन. ताप आला तर औषध आपल्या मनाने नाही. हे सगळं एका पानावर मराठीत लिहून दाराच्या आत चिकटवा, पालकाची सही घ्या. हा कागद सरपंचाला दाखवलात की अर्धे आक्षेप तिथंच गळतात.

मागणी कुठल्या टेबलावर ठेवायची

गावात असाल तर रस्ता असा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो मार्चमध्ये घाईघाईत कशावरतरी उडवला जातो. ग्रामपंचायत विकास आराखड्यात पण हा विषय घालता येतो. आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, जाऊन शांतपणे विचारा की खर्चाच्या कुठल्या हेडखाली बसेल. माझं मत, पहिल्या वर्षी साहित्य, पाण्याची टाकी, सतरंज्या, दुरुस्ती यांना होकार लवकर मिळतो, मानधनाला वेळ लागतो, पण मानधनाची मागणी पहिल्याच पत्रात लिहून ठेवा, नाहीतर नंतर म्हणतात "तेव्हा तर बोलला नव्हतात."

विषय ग्रामसभेच्या अजेंड्यावर यावा म्हणून आधीच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे, ती कागदावर उरकू देऊ नका, पहिला ठराव तिथं करा. मग मुख्य ग्रामसभा, जी बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा तारखांना असते. कोरमला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या कमीत कमी हजेरीला, १५ टक्के किंवा १०० मतदार, यातले जे कमी असतील तेवढे लागतात, तर बाया वेळेवर आणायची जबाबदारी वाटून घ्या, मुलं पण येतील, येऊ देत. एकत्र बसा. बोलणारी एकच, दोन मिनिटं, आकडा आणि मागणी, इतिहास-भूगोल नको.

ठरावाचा मजकूर आपणच लिहून न्यायचा, साधारण असा:

"गावातील कामावर जाणाऱ्या पालकांच्या ६ महिने ते ६ वर्षे वयाच्या मुलांसाठी, अंगणवाडीच्या वेळेला जोडून संध्याकाळी ६ पर्यंत घरगुती बालवाडी चालविण्यास ही सभा मान्यता देत आहे. सर्वेक्षणानुसार अशा मुलांची संख्या अमुक आहे. महिला व बालकल्याण निधीतून ताईच्या मानधनापोटी दरमहा अमुक रुपये आणि साहित्यासाठी एकदा अमुक रुपये देण्यात यावेत. देखरेखीसाठी अंगणवाडी सेविका, दोन पालक व एक महिला सदस्य यांची समिती राहील."

सभा संपल्यावर प्रोसिडिंग बुकात ते खरंच लिहिलंय का बघा आणि ठरावाची नक्कल मागा. नक्कल हातात नाही तर ठराव झाला नाही असंच समजा.

शहरात हे जास्त विखुरलेलं असतं. पालिकेचा महिला व बालकल्याण विभाग, वॉर्ड ऑफिस, नगरसेवक, आणि नागरी भागाचे बालविकास प्रकल्प अधिकारी. पत्र एकच पण चौघांना, प्रत्येकाची पोच वेगळी. शहरात पैशाइतकीच जागा महत्त्वाची, समाजमंदिर, बंद पडलेली पालिकेची खोली, शाळेचा रिकामा वर्ग. ताईचं घर फारच लहान असेल तर दुपारी दोन तास तिथं मुलं नेता येतील एवढीच परवानगी मागा, छोटी मागणी मान्य होते.

केंद्राची पाळणा योजना आहे, मिशन शक्तीमधली, ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी, त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. ती सरळ घरगुती बालवाडीला लागू होत नाही, पण अंगणवाडीची वेळ वाढवून मागायची असेल तर प्रकल्प अधिकाऱ्यांकडे हेच नाव घ्या. शेजारी मोठा कारखाना किंवा कंपनी असेल तर २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते, बऱ्याच जागी ती नसते. तिथल्या कामगार बायांना हे सांगा, त्यांची मुलं तुमच्याच ताईकडे असतील तर खर्चाचा वाटा मालकाकडे मागता येतो. आणि कोणी विचारलं की सरकारचा काय संबंध, तर घटनेचं कलम ४५, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्याने प्रयत्न करायचे असं २००२ च्या दुरुस्तीपासून तिथं लिहिलंय.

मीटिंगमध्ये येणारे टोमणे

"अंगणवाडी आहे की!" त्यावर तासांचा तक्ता दाखवा, वाद नको.

"बायांनी घरी बसून पोरं सांभाळावीत." यावर बाईने उत्तर देऊ नये, त्या रिक्षावाल्याला बोलू द्या.

"फुकट का नाही?" हा टोमणा नाही, खरा प्रश्न आहे. माझं मत, अगदीच ज्यांना जमत नाही त्यांना फी माफ, बाकीच्यांची थोडी फी ठेवा, कारण सरकारी हप्ता सहा-सहा महिने लटकतो तेव्हा दूध त्याच फीतून येतं. फी माफ कोणाची हे फक्त समितीला माहीत हवं, भिंतीवर नाही.

"आमच्या पक्षातर्फे करून देतो." खेळणी घ्या, बॅनर घेऊ नका. एका पक्षाचा फोटो लागला की दुसऱ्या गल्लीतली मुलं यायची बंद.

व्हॉट्सअॅपचं थोडक्यात सांगते. मुलांचे चेहरे टाकू नका, पालकांनी हो म्हटलं तरी, हात, चित्रं, चपलांच्या जोड्या यांचे फोटो पुरतात. लांब लेख कोणी वाचत नाही, आवाजाची क्लिप चालते, एखाद्या आईची अर्ध्या मिनिटाची, तिच्या बोलीत.

ठराव झाला, पैसे आले नाहीत

हे होणारच, धरून चला. महिनाभर वाट बघा, मग लेखी स्मरणपत्र, मग माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रश्न दोनच: गेल्या तीन वर्षांत महिला व बालकल्याणाचा निधी किती होता आणि कशावर खर्च झाला, आणि अमुक तारखेच्या ठरावावर काय कारवाई झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज ताईच्या नावाने करू नका, उद्या तिच्याच नळाला पाणी येत नाही. वस्तीबाहेरचं, ज्याचं काही अडत नाही असं माणूस बघा.

तोवर हिशोब दर महिन्याला लिहून पालकांच्या बैठकीत वाचून दाखवा, आलेली फी, खाऊचा खर्च, ताईच्या हातात काय पडलं. तो शेवटचा आकडा मोठ्याने वाचायचा. आणि पुढच्या वर्षाचं बजेट साधारण हिवाळ्यात ठरायला लागतं, पंचायतीचं काय नि पालिकेचं काय, तेव्हा नवीन यादी, नवीन गणित आणि जुन्या ठरावाची नक्कल असा तिन्हींचा गठ्ठा दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन द्या, फेब्रुवारीत गेलात तर "या वर्षी उशीर झाला" हेच ऐकायला मिळेल.